शकूताई भांडणाला खुर्ची नेतात

आमच्या शेजारच्या शकूताई भांडणाला जाताना घरून खुर्ची नेतात.

भांडण त्यांचं नसतं. कुणाचंही असतं. रस्त्यावर आवाज चढला की त्यांच्या पडवीत ॲल्युमिनियमची घडीची खुर्ची खडखडते आणि पाठोपाठ फाटक वाजतं. खुर्चीला हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. मधली एक तुटली, तिथे जुन्या साडीचा काठ विणून टाकलाय. चिनू आणि ईरा, तुम्ही मे महिन्यात ह्या तुमच्या आजीकडे आला होतात तेव्हा त्याच खुर्चीत बसून आंबे चोखले होते आणि रस सांडला होता. तो डाग अजून आहे. तो कसा काढायचा हे मी शकूताईंना कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी त्या कागदाची पुडी करून त्यात मेथीचं बी ठेवलं.

शकूताई कोर्टात स्टेनो होत्या. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, भजनी मंडळात जातात, निदान मधुमेह सांभाळतात. ह्यांनी भांडणं बघायला घेतली. मी एकदा विचारलंच. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे सगळं गाव मला ‘बाई’ म्हणतं, त्याही म्हणतात.

“अहो बाई, जन्मभर भांडणं ऐकली, पण बघितली नाहीत. मान खाली, पेन्सिल चालू. कोण लाल झालं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, काही दिसलं नाही. आता मान वर करून बघते.”

त्यांची पद्धत ठरलेली आहे. खुर्ची कडेला मांडायची नाही. भांडणाऱ्यांच्या मध्ये मांडायची, तीही जरा तिरकी, म्हणजे दोन्ही तोंडं दिसतात. बसायचं, पदर सारखा करायचा आणि म्हणायचं, “हं. पहिल्यापासून सांगा.”

ज्याने नुकतीच दुसऱ्याची कॉलर धरलेली असते त्याला आता काय करावं ते सुचत नाही. कॉलर सोडावी तर माघार, धरून ठेवावी तर समोर आजी बसलेली. त्यात दोघं एकदम बोलू लागले की शकूताई हात वर करतात. “एकेकाने. मला घेता येत नाही.” आणि त्यांचं बोट गुडघ्यावर चालू लागतं. हवेत, पण व्यवस्थित लघुलेखन चाललेलं असतं. वाक्य संपलं की बोट थांबतं आणि त्या पुढच्या वाक्यासाठी वर बघतात.

मारुती मंदिराच्या नाक्यावर दोन रिक्षावाल्यांची जुंपली होती, तेव्हा मी भाजी घेत उभी होते.

“ह्याने मला शिवी घातलीन,” एक म्हणाला.

“कुठली शिवी ते सांगा. ‘शिवी घातली’ असं चालत नाही.”

तो पाय बदलू लागला. “नाय, म्हणजे... आईवरून.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

“म्हणजे आमची सुरेखा ना? ब्लाउज शिवते ती? गुडघा कसा आहे तिचा?”

“हाय आता बरा.”

“आणि तुम्ही हो?” शकूताई दुसऱ्याकडे वळल्या. “सुरेखाबद्दल नेमकं काय म्हणालात? पुन्हा म्हणा, राहिलं माझं.”

त्याने काही ते पुन्हा म्हटलं नाही. तोवर ज्या गिऱ्हाइकावरून भांडण होतं ते तिसऱ्याच रिक्षात बसून गेलं होतं.

एस. टी. स्टँडवर तर त्यांची खास हजेरी. दर काही दिवसांनी हातात पिशवी आणि खांद्याला खुर्ची अडकवून त्या दापोलीची गाडी धरायला जातात. स्टँडवर भांडणाला तोटा नाही. कंडक्टर आणि सुट्टे पैसे, खिडकी आणि रुमाल, ह्यावर आपला देश बराच वेळ भांडू शकतो. शकूताई खुर्ची मांडतात, दापोलीची गाडी सुटते, आणि त्या पिशवीसकट परत येतात.

“चुकली वाटतं?”

“चुकली. दुसरी असते की.”

वेळ पाळणं हा माझा धर्म. मी दापोलीच्या सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या कपाटाला चिकटवलं. भांडणाला जाण्याआधी तिकीट काढा, हेही खाली लाल शाईत लिहिलं. त्यानंतर त्या तिकीट काढून गाडी चुकवू लागल्या.

माझा स्वभाव ह्याच्या अगदी उलट. मला चढलेला आवाज सहन होत नाही. ‘आवाज खाली’ हे दोन शब्द मी आयुष्यात जितके उच्चारलेत तितकं रामनाम घेतलं असतं तर विमान थेट अंगणात उतरलं असतं. वर्गात म्हटले, घरात म्हटले, तुमच्या आजोबांना तर शिंकतानाही म्हटले. ह्याच गुणामुळे मला समितीवर सचिव म्हणून घेतलं.

ती समिती म्हणजे नगरपालिकेची ‘युवक हिंसाचार प्रतिबंध समिती’. नाव मी सुचवलं. आधी ती नुसती ‘पोरांची समिती’ होती.

झालं होतं असं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात वरची आळी आणि बंदर आळी ह्यांच्यात अंडरआर्म क्रिकेटचा सामना होतो. दोन्ही संघांत सगळ्या जातीधर्मांची पोरं आहेत. भांडण फक्त आळीचं. गेल्या वर्षी एका धावेवरून स्टंप उपटले गेले आणि बंदर आळीच्या एका मुलाचं मनगट मोडलं. पोलीस आले. साहेबांनी त्या वेळी कुणाचं नाव लिहिलं नाही, पण बजावून गेले की पुढच्या खेपेला लिहिणार.

समितीतले दाऊदभाई पूर्वी बोटीवर होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, “बाई, ह्या पोरांना दुसरं काय हाय? बोट नायतर आखात. वरच्या आळीचा कप्तान सुयोग, त्याचे बोटीचे कागद तयार. बंदर आळीच्या आदिलला मामा बोलावतोय मस्कतला. एकदा पोलिसात नाव गेलं की दोघांचंही दार बंद. मग पोरगा नाक्यावरच बसला जन्मभर.”

हे ऐकून मी घाबरले. आणि मी घाबरले की आराखडा करते.

आराखडा देखणा होता. उद्दिष्टं निळ्या शाईत, उपक्रम हिरव्या, जबाबदाऱ्या लाल. नगराध्यक्षांनी तो हातात घेऊन “वा” म्हटलं आणि उलटा धरूनच परत दिला.

पहिला उपक्रम निबंध स्पर्धा. विषय, ‘रागावर विजय’. निबंध ढीगभर आले. सगळे सातवीतल्या मुलींचे, ज्यांनी आजवर डासही मारलेला नसावा. दुसरा उपक्रम व्याख्यान. पुण्याहून एक तज्ज्ञ आले. ध्वनिक्षेपक सारखा किंचाळू लागला, तेव्हा क्रोधाचं व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या गृहस्थांनी माइकवाल्याला असं काही सुनावलं की मागच्या रांगेतली दोन-चार पोरं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकू लागली. तिसरा, समुपदेशन कक्ष. जुन्या वाचनालयात पडदा लावून, सोफा टाकून, पाण्याचा माठ ठेवून मी रोज संध्याकाळी बसत असे. एकच व्यक्ती आली. खुर्ची घेऊन.

“इथे भांडण किती वाजता असतं?” शकूताईंनी विचारलं.

“इथे भांडण नसतं. ते होऊ नये म्हणून हा कक्ष आहे.”

“मग पोरं कशाला येतील?” त्या माठातलं पाणी प्यायल्या आणि गेल्या.

चौथा उपक्रम मात्र मी मोठ्या विचाराने केला होता, आणि त्यातच घात झाला. ह्या सामन्याचं बक्षीस म्हणजे बोकड. अंतिम सामन्याच्या दिवशी तो मैदानाच्या कडेला माडाला बांधलेला असतो, गळ्यात झेंडूची माळ. आता सांगा, अहिंसेच्या कार्यक्रमाला बोकड बक्षीस द्यायचा? विसंगती मला बघवत नाही. मी बोकड रद्द केला आणि त्याजागी चषक, प्रमाणपत्रं आणि चांगल्या पुस्तकांचा संच ठेवला. दाऊदभाई बैठकीत काहीतरी बोलू पाहत होते. मी म्हटलं, “विषयपत्रिकेवर नाही.”

सामन्याच्या दिवशी मी पहिल्या रांगेत, मांडीवर आराखडा. शेवटच्या चेंडूवर वरच्या आळीला दोन धावा हव्या होत्या. एक झाली, दुसरीला सुयोग धावला आणि आदिलने चेंडू फेकून स्टंप उडवला. पंच म्हणाला बाद. सुयोग म्हणाला पोचलो होतो. आदिल म्हणाला, “डोळे घरी ठेवून आलास काय?” मग दोन्हीकडून पोरं धावत आली आणि मला दिसलं की त्यांच्या हातांत स्टंप आहेत.

मी उठले. “आवाज खाली,” मी म्हटलं. माझ्या शेजारी बसलेल्या नगराध्यक्षांनी आवाज खाली केला. बाकी कुणी केला नाही. रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती आणि साहेब दार उघडून खाली उतरत होते. माझ्या डोळ्यांसमोर सुयोगचे कागद आणि आदिलचं मस्कत दोन्ही दिसू लागलं, आणि आराखड्यात ह्या क्षणासाठी कुठल्याच शाईत काही लिहिलेलं नव्हतं.

इतक्यात तो ओळखीचा खडखडाट झाला. खेळपट्टीच्या बरोबर मधोमध हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची खुर्ची उघडली.

“हं,” शकूताई म्हणाल्या. “पहिल्यापासून सांगा.”

“आजी, उठा हितून, लागंल,” आदिल ओरडला.

“लागेल तेव्हा बघू. आधी तू. हा बाद कसा ते सांग. आणि तो स्टंप जरा खाली धर, ऊन अडतंय तुझ्या तोंडावरचं, मला दिसत नाही.”

आदिलने स्टंप खाली धरला. सांगितलं. मग सुयोगने सांगितलं. बोट गुडघ्यावर चालू होतं. साहेब मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि त्यांच्याही लक्षात आलं की आपण आता मध्ये पडलो तर आपल्यालाही रांगेत उभं राहावं लागेल.

“हे आजचं झालं,” शकूताई म्हणाल्या. “मी म्हटलं, पहिल्यापासून. मनगट मोडलं ते कशावरून?”

मग गेल्या वर्षीचं निघालं. गेल्या वर्षीच्या मागे त्याच्या आधीचं. कुणी कुणाच्या बहिणीच्या हळदीत काय वाजवलं, कुणाची होडी कुणी न विचारता सोडली. दोन-तीन जण सांगता सांगता खाली बसले. स्टंप मांडीवर आडवे. सांगणाऱ्याला मधूनच दुसऱ्या आळीचाच कुणी दुरुस्त करत होता, “नाय रे, तेव्हा पक्या नव्हता, पक्या तेव्हा चिपळूणला.”

“एवढं होऊनही दर वर्षी पुन्हा खेळत होता ना?” शकूताईंनी विचारलं. “कसे?”

मग सुयोग म्हणाला, “जेवायला बसायचो ना.”

“कुठे?”

“बोकड जिंकणाऱ्याचा, पण जेवण दोन्ही आळींचं. बंदर आळीत कापायचा, आमच्या आयशी नारळाचं वाटप लावायच्या. रस्सा पोटात गेला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिटलं. गेल्या साली पोलीस आले म्हणून जेवण राहिलं.”

“आणि यंदा,” आदिल म्हणाला, “बोकडच काढून टाकलानी.”

“कोणी?” शकूताईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं. पण नोंदीत यावं लागतं.

दोन्ही आळींच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. आराखड्याच्या पहिल्या पानावर माझं एक उद्दिष्ट होतं, ‘दोन्ही गटांत समान भूमिका निर्माण करणे’. ते त्या क्षणी शंभर टक्के साध्य झालं. सगळी पोरं एका सुरात माझ्यावर रागावली होती. मी आराखडा पदराखाली घेतला.

“बाई,” मागून दाऊदभाई हळूच म्हणाले, “त्या दिवशी मी हेच सांगत होतो.”

साहेबांनी त्या दिवशीही कुणाचं नाव लिहिलं नाही. ते खाकरले, म्हणाले, “बोकड कुठे मिळतो बघा आता,” आणि गाडीत बसून गेले. रविवारी जेवण झालं. नगरपालिकेच्या इतिहासात अहिंसा समितीच्या सचिवाने बोकड आणवल्याची ही पहिलीच वेळ असावी. मी आपली सोलकढी-भात घेऊन कोपऱ्यात बसले होते, तर आदिल पानात आणखी भात वाढून गेला आणि म्हणाला, “बाई, पुस्तकं पण वाईट नव्हती.” माणूस खोटं बोलतो तेव्हा किती गोड दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी, जित्याची खोड म्हणतात तशी, नवा आराखडा करायला बसले. ‘प्रत्येक प्रभागात एक खुर्ची.’ खुर्चीचं माप, पट्ट्यांचा रंग, बसणाऱ्याचं प्रशिक्षण. तो घेऊन शकूताईंच्या पडवीत गेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, कोर्टातल्यासारखा, बोट ओळीखाली फिरवत.

“अक्षर छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण खुर्चीने काय होतं हो? बघणारं माणूस लागतं. बघणारं कुणी नसलं की भांडण मिटत नाही. नुसतं गार होतं.”

त्या कागदाची घडी घालत राहिल्या. मला वाटलं, आता ह्याचीही पुडी होणार.

“आमचं झालं ना तसं. माझं आणि नलूचं.”

नलू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दापोलीला असते, एवढंच मला ठाऊक होतं.

“आईच्या बाराव्याला. पाहुणे माजघरात, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. आईच्या सोऱ्यावरून काहीतरी निघालं. चकल्यांचा सोऱ्या हो, पितळी. ती काहीतरी म्हणाली. मी काहीतरी म्हटलं. पण आम्ही शिकलेल्या ना बाई, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोललो. अगदी हळू. आवाज चढला असता तर कुणीतरी आत आलं असतं, म्हणालं असतं, पुरे गं आता. कुणाला कळलंच नाही. तिने भांडी घासली, मी पुसली, आणि त्यानंतर बोलणं नाही.”

“ती काय म्हणाली होती?”

“तेच तर.” त्यांचं बोट गुडघ्यावर होतं, पण हलत नव्हतं. “लोकांची वाक्यं अक्षर न् अक्षर उतरवली मी. आमचं उतरवायला कुणी नव्हतं. आता आठवत नाही. नुसतं दुखतं तेवढं आठवतं.”

दारातून आतल्या कपाटावर माझं वेळापत्रक चिकटवलेलं दिसत होतं, दापोलीच्या गाड्यांचं. लाल शाईतली सूचनाही. इतके दिवस मला वाटत होतं, ह्या बाईला वेळेचं भान नाही.

पुढच्या बुधवारी आम्ही गाडी चुकवली नाही. स्टँडवर एक कंडक्टर आणि एक प्रवासी हमरीतुमरीवर आले होते आणि शकूताईंची मान तिकडे वळलीही होती, पण खुर्ची माझ्या खांद्याला होती. मी सरळ गाडीत चढले, त्यांना मागून यावंच लागलं.

“आजी, बसायला जागा हाय ना, खुर्ची कशाला?” आमचा कंडक्टर म्हणाला.

“आमच्यासाठी नाही,” मी म्हटलं. “भांडणासाठी आहे.”

त्याने दोन तिकिटं फाडून दिली आणि पुढे पुन्हा काही विचारलं नाही.

नलूताई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. आम्हाला बघून उभ्या राहिल्या. हात लाल.

“आलीस?” त्या म्हणाल्या.

“आले.”

“चहा टाकू?”

“नको. वाटेत झाला.”

“पाणी?”

“आहे बरोबर.”

दोघीही इतक्या हळू बोलत होत्या की शेजारच्या कुंपणावरच्या कावळ्याने मानसुद्धा वळवली नाही. किती सभ्य, किती सुसंस्कृत. माझ्या वर्गातल्या मुली असत्या तर मी त्यांना शाबासकी दिली असती. मला एकदम भीती वाटली की आता पाणी पिऊन, आमसुलं कशी झालीत ते विचारून आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत जाणार.

मी अंगणाच्या मधोमध खुर्ची उघडली. जरा तिरकी ठेवली. बसले, पदर सारखा केला. मला लघुलेखन येत नाही, पण बोट गुडघ्यावर टेकवलं.

“हं,” मी म्हटलं. “पहिल्यापासून सांगा.”

नलूताई माझ्याकडे, मग बहिणीकडे बघत राहिल्या. “ह्या कोण?”

“आमच्या बाई. सांग तू.”

“मी काय सांगू? सोऱ्या मी नेलाच नव्हता.”

“नेलास असं मी कुठे म्हटलं?”

“मग काय म्हटलं होतंस?”

“मला काय विचारतेस, तू काय म्हणाली होतीस ते बोल ना आधी.”

नलूताईंचा आवाज जरा वर गेला. तेवढ्यात कुंपणापलीकडे शेजारीण धुणं घेऊन आली, आणि दोघी बहिणींनी जन्माच्या सवयीने, एकाच वेळी, आवाज खाली केला.

“जरा मोठ्याने,” मी म्हटलं. “मला ऐकू येत नाही.”